चौकस आहेत पण प्रत्येकाची आवड वेगळी, अशांना पुस्तकं सुचवायचीत. मिक्स कसं करू?

वाचनघडी:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय. आम्ही आठ जण दर महिन्याला एक पुस्तक वाचतो आणि महिनाअखेरीला त्यावर बोलायला बसतो. सगळ्यात लहान मेंबर एकोणीस वर्षांची मुलगी, सगळ्यात मोठे काका सदुसष्ट वर्षांचे. एकाला इतिहासाशिवाय काही नको असतं, एक इंजिनिअर मित्र आहे त्याचं म्हणणं की कादंबरी म्हणजे कुणीतरी मनानं रचलेलं, ते वाचून आपल्याला कळणार काय, एक ताई आहेत त्या कवितेपलीकडे फारशा जात नाहीत, काका चरित्र-आत्मचरित्रवाले, आणि ती मुलगी सतत विज्ञानाचे व्हिडिओ बघत असते आणि प्रत्येक गोष्टीवर 'पण हे त्यांना कळलं कसं?' विचारते. म्हणजे चौकसपणा सगळ्यांकडे भरपूर आहे, फक्त प्रत्येकाची गल्ली वेगळी.

पुढच्या फेरीची आठ पुस्तकं निवडायचं काम माझ्याकडे आलंय. मागच्या फेरीत मी 'आयुष्यात एकदा तरी वाचावीत' अशी एक यादी मिळाली होती त्यातलीच उचलून दिली होती. पुस्तकं एकेक थोर होती हो, पण तिसऱ्या पुस्तकाला दोघं गळाले, पाचव्याला बोलायला तिघंच होतो आणि त्यातल्या एकानंच पूर्ण वाचलेलं. ते फार मनाला लागलंय माझ्या. हे लोक एरवी तासन् तास बोलतात, आणि पुस्तक समोर ठेवलं की गप्प, असं का व्हावं?

यावेळी मी ठरवलं होतं की प्रत्येकाच्या आवडीचं एकेक घ्यायचं, एक इतिहास, एक विज्ञान, एक कविता वगैरे. पण मग बाकीचे सात जण तो महिना ढकलणार असं वाटतंय. पुस्तकं मराठी असावीत, नाहीतर मराठीत आलेली किंवा सोप्या इंग्रजीतली, आणि शक्यतो फार जाड नकोत. यशस्वी कसं व्हावं छापाची नकोत. नुसती नावं नका देऊ प्लीज, का द्यायचं तेही सांगा.

जुनंपान:
तुम्ही जे 'प्रत्येकाचं एकेक' म्हणताय ना ते आम्हीही केलंय आणि तुम्हाला जी भीती वाटतेय तेच झालं होतं, ज्याचं पुस्तक तोच बोलायचा, बाकी ऐकायचे. मग आम्ही दुसरं करून बघितलं, एका पुस्तकातून जो प्रश्न उठेल त्याच्या मागे जाणारं पुढचं पुस्तक घ्यायचं. विषय बदलला तरी चालतो, किंबहुना बदलावाच, धागा तेवढा राहिला पाहिजे. चौकस माणसाला विषयाची नड नसते, त्याला अर्धवट सुटलेला प्रश्न सहन होत नाही, आणि तुमच्याकडे तर असे आठ जण आहेत!

पहिलं पुस्तक माझ्या मते गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. हा माणूस वरसईचा भिक्षुक, घरावर कर्ज, मथुरेला मोठा यज्ञ होणार आणि दक्षिणा चांगली मिळणार असं कळलं म्हणून काकांना बरोबर घेऊन निघाला, आणि नेमका १८५७ च्या बंडात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो आत होता. राणीला त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, नंतरची कत्तल, लपून बसणं, लुटलं जाणं, सगळं त्याच्यावर गुदरलेलं. आणि हे सांगणारा माणूस सैनिक नाही, पुढारी नाही, त्याला आपलं चार पैसे मिळवून घरी जायचंय. इतिहासवाल्याला तर हे आवडेलच पण आत्मचरित्रवाल्या काकांनाही, आणि नुसती प्रवासाची गोष्ट म्हणूनही ते कुणालाही धरून ठेवतं. १९०७ साली पहिल्यांदा छापलं गेलं, म्हणजे भाषा जुनी आहे, पण दहा पानांत सवय होते.

आता हे वाचून झालं की कुणीतरी विचारणारच, हा सांगतोय ते सगळं खरं कशावरून? विचारलं नाही तर तुम्ही विचारा. आणि मग दुसरं पुस्तक द्या, नंदा खरे यांचं 'अंताजीची बखर'. अठराव्या शतकातला अंताजी नावाचा एक माणूस आपली हकिगत सांगतोय, मराठ्यांच्या बंगालच्या स्वाऱ्या, इंग्रजांचं तिथं पाय रोवणं, आणि हे सगळं इतकं जुन्या कागदासारखं लिहिलंय की मध्ये विसरायला होतं की ही कादंबरी आहे. तुमच्या इंजिनिअर मित्राला सांगा की लिहिणारा स्वतः सिव्हिल इंजिनिअर होता. खरी हकिगत आणि रचलेली हकिगत लागोपाठ वाचल्यावर 'रचलेल्यातून काय कळणार' या त्याच्या प्रश्नावर तुमच्याकडे पूर्ण महिनाभर भांडण होईल, आणि ते व्हायलाच हवं, मला तर वाटतं तुमची मागची फेरी पडली ती अशी भांडणं लागली नाहीत म्हणून.

कार्बन१२:
जुनंपान यांचं साखळीचं म्हणणं पटलं, पण दोन्ही पुस्तकं इतिहासाची झाली की! त्या एकोणीस वर्षांच्या मुलीचा 'कळलं कसं' हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि सगळ्यांनाच तो विचारायला शिकवणारी पुस्तकं आहेत.

एक म्हणजे फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाची मेणबत्तीवरची भाषणं. मूळ इंग्रजी, 'द केमिकल हिस्टरी ऑफ अ कँडल', १८६१ साली पुस्तकरूपात आलं, आता कॉपीराइट नाही त्यामुळे नेटवर फुकट मिळतं. मुलांसाठी दिलेली सहा भाषणं आहेत, म्हणून इंग्रजी अगदी सोपं. एक मेणबत्ती समोर ठेवून हा माणूस विचारत सुटतो, मेण वर कसं चढतं, ज्योतीच्या मधल्या काळसर भागात काय आहे, उजेड नक्की कशातून येतो, धूर कुठून येतो, जळल्यावर पाणी कसं तयार होतं, आणि शेवटी आपल्या श्वासापर्यंत येऊन पोचतो. सोबत खरोखर मेणबत्ती लावून वाचा. आम्ही लावली होती, विझवल्यावर जी पांढरी धुराची रेघ निघते तिच्यात वातीपासून लांबच पेटती काडी धरली की ज्योत उडी मारून वातीवर परत येते, हे त्यानं लिहिलंय तसंच होतं, आणि ते बघून आमच्यातले पन्नाशीचे लोक चार चार वेळा करून बघत होते.

आणि फॅरेडेची स्वतःची गोष्टही सांगा त्या निमित्तानं, कारण ती तुमच्या प्रश्नाचंच उत्तर आहे असं मला वाटतं. लोहाराचा मुलगा, शाळा नावापुरती, चौदाव्या वर्षी बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला. बांधायला जी पुस्तकं यायची ती हा वाचायचा. काय यायचं ते त्याच्या हातात नव्हतंच, एकदा विश्वकोशाचा खंड आला त्यात विजेवरचा लेख होता, जेन मार्सेट नावाच्या बाईंचं रसायनशास्त्रावरचं संवादाच्या रूपातलं पुस्तक आलं, आणि तिथून त्याचं आयुष्य फिरलं. निवडून वाचायची सोय नसलेला मुलगा! म्हणून मी म्हणतो की आपल्या आवडीचं नसलेलं पुस्तक हातात पडू देणं ही फार मोठी गोष्ट आहे, फक्त ते कोणीतरी विचार करून ठेवलेलं असावं.

त्याच्या पुढचं पुस्तक प्रीमो लेव्हीचं 'द पिरिऑडिक टेबल', १९७५ चं. एकवीस प्रकरणं, प्रत्येकाला एकेका मूलद्रव्याचं नाव. लेव्ही हा इटलीतला ज्यू केमिस्ट, आउश्वित्झच्या नाझी छावणीतून जिवंत परत आलेला. सेरियमचं प्रकरण वाचा, छावणीतल्या प्रयोगशाळेतून सेरियमच्या कांड्या चोरून त्यातून लायटरचे खडे करायचे आणि ते पावाच्या बदल्यात द्यायचे, म्हणजे त्याला आणि त्याच्या मित्राला आणखी काही दिवस जगता येईल, हा हिशोब रसायनशास्त्र येतं म्हणून मांडता आला. शेवटच्या प्रकरणात कार्बनच्या एका अणूचा प्रवास आहे, ते वाचून मी रात्रभर अस्वस्थ होतो, चांगल्या अर्थानं. एकच सूचना, पहिलं प्रकरण त्याच्या पूर्वजांच्या बोलीभाषेबद्दल आहे, ते सुरुवातीला जड जातं, लोकांना दुसऱ्या प्रकरणापासून सुरू करायला सांगा आणि पहिलं शेवटी वाचू दे.

दोनओळी:
लेव्हीच्या जोडीला रणांगण!! विश्राम बेडेकर, १९३९. युरोपातून येणारं जहाज, त्यावर जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू लोक, त्यांतली हॅर्टा आणि आपला मराठी चक्रधर. महायुद्ध पेटलं त्याच वर्षी हे मराठीत छापून आलेलं आहे, छावण्यांत पुढे काय होणार ते जगाला कळायचं होतं तेव्हा. लेव्ही आतून सांगतो, इथं त्याच्या आधीची भीती दिसते. दोन बैठकीत वाचून होतं, आणि कादंबरी म्हणजे मनानं रचलेलं म्हणणाऱ्याला हे जरूर द्या.

कवितेवर कुणी बोललंच नाही अजून. माझं मत, कवितासंग्रह हा 'महिन्याचं पुस्तक' म्हणून देऊ नका, लोक तो कादंबरीसारखा सरळ वाचत जातात आणि कंटाळतात. दर बैठकीची सुरुवात दोन कवितांनी करा आणि ते काम त्या ताईंकडे द्या. गाथासप्तशतीपासून सुरू करता येईल, हाल सातवाहनाच्या नावावर असलेला महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह, सातशेच्या आसपास गाथा, एकेक गाथा दोन ओळींची. जोगळेकरांनी केलेली मराठी आवृत्ती आहे, अर्थासकट. त्यातल्या कितीतरी गाथा बायकांच्या तोंडच्या आहेत, रुसवे, निरोप, पावसात अडकलेले प्रवासी. इतिहासवाला म्हणेल हा पुरावा आहे, ताई म्हणतील ही कविता आहे, दोघांचंही बरोबर.

ग्रंथपाल_निवृत्त:
मी बरीच वर्षं ग्रंथालयाच्या काउंटरवर काढली आहेत त्यामुळे राहवत नाही, थोडं लिहितो.

वाचकाला 'तुम्हाला कुठला विषय आवडतो' असं विचारलं की तो ठरलेलं उत्तर देतो, इतिहास, विज्ञान, कविता. त्यातून त्याची ओढ कळत नाही. मी विचारायचो, शेवटचं कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंत आणि कुठल्या पानाच्या आसपास? आणि दुसरं, कुठलं पुस्तक संपू नये असं वाटलं? ही दोन उत्तरं मिळाली की निम्मं काम झालं. एक गृहस्थ फक्त रहस्यकथा न्यायचे, वर्षानुवर्षं, दुसरं काही दाखवलं की मान हलवायचे. त्यांना एकदा विचारलं की खून नसला तरी चालेल का, पण शोध असला पाहिजे, तर विचारात पडले आणि हो म्हणाले. त्यांना डेव्हा सोबेलचं 'लाँजिट्यूड' दिलं. समुद्रात जहाज नेमकं कुठे आहे हे सांगता येत नव्हतं म्हणून माणसं मरत होती, ब्रिटिश पार्लमेंटनं १७१४ साली वीस हजार पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं, मोठमोठे खगोलशास्त्रज्ञ आकाशात उत्तर शोधत होते आणि जॉन हॅरिसन नावाचा सुतारकाम करणारा माणूस घड्याळ बनवत बसला, आयुष्यभर. घड्याळ बरोबर चाललं तरी बक्षीस द्यायला टाळाटाळ. गृहस्थांनी चार दिवसांत परत आणून दिलं आणि म्हणाले, असलं अजून काय आहे. त्यांची आवड कधी रहस्यकथा नव्हतीच, त्यांना उलगडा होताना बघायला आवडायचं. तुमच्या आठही जणांना हे दोन प्रश्न विचाराच, यादी करण्याच्या आधी.

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त लिहिले, ते मुळात गणिताचे प्राध्यापक. त्यातला 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' सगळ्यांना पाठ असतो, पण त्याच्यापुढचा 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' हा मला जास्त मोठा वाटतो. म्हणजे कपाटात धूळ खात पडलेल्या पुस्तकाचाही हक्क आहे, त्याचा वाचक शोधून देणं हे काम कुणीतरी करायचं असतं. तुम्ही तेच करताय म्हणून तुमचा प्रश्न इतका आवडला. चौथा सिद्धान्त वाचकाचा वेळ वाचवा, म्हणून एक नियम करा, पन्नास पानांनंतर सोडायला परवानगी, पण बैठकीला यायचं आणि का सोडलं ते सांगायचं. सोडणाऱ्याचं बोलणं कधी कधी सगळ्यात नेमकं असतं.

महाभारत सगळ्यांना येतं असं सगळ्यांना वाटतं म्हणून इरावती कर्व्यांचं 'युगान्त' या गटात फार चांगलं जमेल. बाई मानववंशशास्त्राच्या, त्यामुळे गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याकडे देव्हाऱ्यातले म्हणून न बघता नातेसंबंध, घर, वारसा असं बघतात. लेख सुटे आहेत, एकेक जणानं एकेक घ्यावा. इंग्रजी वाचणारं कुणी असेल तर ते त्यांनी स्वतःच इंग्रजीत केलेलं आहे. ज्यांना पुढे जावंसं वाटेल त्यांना भैरप्पांचं 'पर्व', उमा कुलकर्णींचा मराठी अनुवाद उत्तम आहे, पण ते जाडजूड आहे, गटासाठी नको, ज्याचं त्यानं घरी.

वाचनघडी:
किती छान लिहिताय सगळे, मी वहीत उतरवून घेतेय. ते दोन प्रश्न कालच आमच्या ग्रुपवर टाकले आणि गंमत म्हणजे इंजिनिअर मित्रानं 'संपू नये असं वाटलेलं' म्हणून लहानपणी वाचलेल्या फास्टर फेणेचं नाव लिहिलं! म्हणजे गोष्टी आवडायच्या की त्याला.

एक मात्र खटकतंय. आतापर्यंतच्या यादीत इरावतीबाई सोडल्या तर बायका कुठे आहेत (सोबेल आहेत, पण त्यांचं पुस्तक उदाहरण म्हणून आलंय), आणि जवळपास सगळे लिहिणारे शिकलेले, किंवा निदान पोथ्या वाचणारे. व्हरायटी म्हणजे फक्त विषय वेगळे असं होतंय का?

रानफूल:
बरं झालं विचारलंत, मी हेच लिहायला आले होते. विषय दहा असले आणि बघणारे डोळे एकाच उंचीवरचे असले तर ते मिक्स दिसायलाच मिक्स असतं.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घ्या. १९३४ पासून भागाभागानं आलं. शाळेत न गेलेली बाई, नवऱ्यानं घरी शिकवलेलं तेवढंच, आणि मराठीतलं इतकं जिवंत गद्य फार थोड्यांनी लिहिलंय. नवरा ख्रिस्ती झाला १८९५ मध्ये, ही मागे राहिली, मग कशी गेली, काय काय सोसलं, आणि हे सांगताना स्वतःवर आणि नवऱ्यावर हसतेही. गोडसे भटजींशी धागाही आहे बघा, सुरुवातीलाच बंडानंतरच्या धरपकडीत त्यांच्या आजोबांना फाशी झाल्याचं आणि त्या धक्क्यातून वडिलांना सोवळ्याचं जबरदस्त वेड लागल्याचं येतं. म्हणजे १८५७ तिकडे झाशीत होतं आणि इकडे एका घरातल्या स्वयंपाकघरात किती वर्षं चालू राहिलं ते दिसतं. पूर्ण पुस्तक मोठं आहे, पहिले दोन भाग ठरवून घ्या.

दया पवारांचं 'बलुतं', १९७८. हे वाचायला देताना कृपया 'एक दलित आत्मकथन पण हवं' म्हणून देऊ नका, मी एका गटात ते होताना पाहिलंय, फार वाईट वाटलं, सगळ्यांनी गंभीर चेहरे करून दहा मिनिटांत विषय संपवला. त्याला साखळीत जागा द्या. स्मृतिचित्रेनंतर लगेच ठेवलं तर सोवळं पाळणाऱ्या घरातून थेट त्या सोवळ्यानं ज्यांना बाहेर ठेवलं त्यांच्या घरात जाता येतं, आणि मग बोलण्यासारखं इतकं असतं की तास पुरत नाही. सांगणारा स्वतःच्या लाजेबद्दल, स्वतःच्या चुकांबद्दलही लिहितो, ते धाडस काकांना आत्मचरित्रांचे वाचक म्हणून नक्की जाणवेल.

आणि मिलिंद बोकीलांचं 'गोष्ट मेंढा गावाची'. गडचिरोलीतलं छोटं गोंड गाव, निर्णय मतदानानं नाही तर सगळ्यांच्या सहमतीनं घेतात, आणि कुठल्याही प्रश्नावर आधी अभ्यासगट बसवतात. एकत्र बसून शिकायचं आणि मग ठरवायचं. २००९ मध्ये त्यांना जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तोवरची सगळी खटपट यात आहे. पुस्तक लहान आहे. इंजिनिअर मित्राला यातलं कसं चालतं, कोण काय ठरवतं, हे यंत्र उघडून बघितल्यासारखं आवडेल, आणि तुमचा गटही एक अभ्यासगटच आहे की.

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' वेगळं पुस्तक म्हणून न धरता दोनओळी म्हणाले तसं कवितांच्या जोडीला ठेवा, बारा महिन्यांवरचे बारा लेख, ज्या महिन्यात बसाल त्या महिन्याचा वाचायचा. वाचून बाहेर पडलं की झाडांकडे मान वर करून बघायला होतं.

तळटीप:
सगळं छान चाललंय पण एक राहिलं. चौकस लोकांना एखादं चुकलेलं पुस्तकही द्या. मी मुद्दाम देतो.

'कॉन-टिकी' हे थोर हायरडाल नावाच्या नॉर्वेच्या संशोधकाचं पुस्तक. त्याचं मत होतं की पॅसिफिक बेटांवरची माणसं दक्षिण अमेरिकेतून आली. लोक म्हणाले तराफ्यानं इतका समुद्र ओलांडणं अशक्य. मग यानं पेरूच्या किनाऱ्यावरून बाल्सा लाकडाच्या तराफ्यावर पाच सोबती घेऊन १९४७ साली स्वतःच प्रवास केला, १०१ दिवस, आणि पोचला. श्वास रोखून वाचावं असं पुस्तक, माशांची, वादळाची, शार्कची वर्णनं एकदम जिवंत, इंग्रजी सोपं. आणि त्याचं मूळ म्हणणं चुकीचं निघालं! भाषा, जनुकं, वस्तू सगळं दाखवतं की ती माणसं पश्चिमेकडून, आशियाच्या बाजूनं आली. मग त्यावरही २०२० मध्ये जनुकांचा अभ्यास आला की साधारण बाराव्या-तेराव्या शतकात पॉलिनेशियन, म्हणजे या बेटांवरची माणसं, आणि दक्षिण अमेरिकेतले मूळ लोक यांचा संबंध आलेला दिसतो, म्हणजे भेट झाली होती, पण वस्ती तिकडून आलेली नव्हती.

हे सगळं आधी सांगू नका. पुस्तक वाचू द्या, सगळे हायरडालच्या बाजूनं झालेले असतील तेव्हा बैठकीत सांगा. 'जाता येतं' हे सिद्ध केलं म्हणजे 'गेले होते' हे सिद्ध होतं का, हा प्रश्न त्या मुलीसाठीच आहे. शूर माणूस, प्रामाणिक मेहनत, सुंदर लिखाण आणि तरी निष्कर्ष चूक असू शकतो हे एवढ्या प्रेमानं शिकवणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही.

कार्बन१२:
@तळटीप हे आवडलं, पण आधी न सांगणं मला पटत नाही. काही लोक दुखावतात, आपल्याला फसवलं असं वाटतं. पहिल्याच पुस्तकाला तरी नको, गट एकमेकांना ओळखायला लागल्यावर ठीक.

तळटीप:
@कार्बन१२ मान्य. पाचवं-सहावं ठेवा.

वाचनघडी:
उशिरा लिहितेय, पण पहिली बैठक झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं. क्रम असा ठरला: माझा प्रवास, अंताजीची बखर, मेणबत्ती, स्मृतिचित्रेचे पहिले दोन भाग, लगेच बलुतं, मग कॉन-टिकी, मेंढा, आणि शेवटी रणांगण, त्याच्यासोबत लेव्हीची सेरियम आणि कार्बन ही दोनच प्रकरणं. युगान्त यावेळी बसलं नाही, फार वाईट वाटतंय, पुढच्या फेरीचं पहिलं तेच. गाथा आणि ऋतुचक्र ताईंकडे दिलंय, त्यांनी तीन गाथा वाचल्या आणि प्राकृत ओळी मोठ्यानं म्हणून दाखवल्या, कुणाला वाटलं नव्हतं त्यांना येतात.

बैठकीला आठच्या आठ आले. इंजिनिअर मित्रानं नकाशावर गोडसे भटजींचा रस्ता आखून आणला होता, कुठल्या टप्प्याला किती दिवस लागले असतील याचा हिशोब मांडून. काकांना गोडसे भटजी शेवटी गंगेची कावड आईवडिलांसाठी घेऊन चालत येतात तो भाग वाचताना बोलता येईना, मग इतिहासवाल्यानं तेवढं पान वाचलं. एकानं पन्नास पानांनंतर सोडलं होतं आणि तो नियमाप्रमाणे येऊन म्हणाला की मला जेवणाखाणाची आणि दक्षिणेची वर्णनं नको झाली, त्यावर काकांनी त्याला सांगितलं की अरे तो पैशासाठीच तर निघालाय, ते काढलं तर उरतं काय. यावरच अर्धा तास गेला.

आणि ती मुलगी. तिनं विचारलं, हे सगळं यानं घडून गेल्यावर पंचवीसेक वर्षांनी आठवून लिहिलंय ना, मग इतके बारकावे आठवतात कसे? आठवतात की मागून तयार होतात? कुणाकडेच उत्तर नव्हतं. अंताजी वाचायला घेतलंय सगळ्यांनी, पण तिला आत्ताच या आठवणीच्या प्रश्नावर काहीतरी हवंय, रोज मेसेज करतेय. सुचवा ना कुणी, इंग्रजी असलं तरी चालेल तिला.

ग्रंथपाल_निवृत्त:
ऑलिव्हर सॅक्स, 'द मॅन हू मिस्टुक हिज वाइफ फॉर अ हॅट', १९८५. लेखक मेंदूचे डॉक्टर, एकेका रुग्णाची एकेक हकिगत. पूर्ण पुस्तक देऊ नका, त्यातलं 'द लॉस्ट मरीनर' एवढंच प्रकरण आधी द्या. पूर्वी नौदलात असलेला एक माणूस आहे, १९४५ पर्यंतचं त्याला सगळं लख्ख आठवतं आणि त्याच्या पुढे काहीच साठत नाही. डॉक्टरांना भेटतो तेव्हा पन्नाशीला आलेला आहे, केस पिकलेत, आणि वय विचारलं तर सांगतो एकोणीस.

वाचनघडी:
पाठवलं तिला. रात्री दीडला मेसेज आला, बाकीचं पुस्तक कुठे मिळेल.